उघाडीचा अडसर

पनवेल,
ता. २७ मे १९६२

चि. जगन यास,

आज रविवार. सकाळी साडेपाचला उठलो. पाणी भरले. चहा मी केला, साखर जास्त पडली. काल सावडणे झाले, राख बंदराजवळ खाडीत सोडली. दुपारी शेजारच्या चंद्रावतीबाईंनी भात आणि पिठले आणून दिले. ते निम्मे उरले आहे.

तुझी बहीण सत्यवती गुरुवारी, ता. २४ रोजी सकाळी सव्वासातला गेली. पोटाचे दुखणे होते. माघापासून अंथरुणावर होती. डॉक्टर येत होते, औषधे झाली, शेवटचे आठ दिवस ती पाण्याशिवाय काही घेत नव्हती. शुद्धीत होती. फार त्रास झाला असे म्हणता येणार नाही, पण झालाच नाही असेही नाही.

चि. लिहावे की रा. रा., यात माझा बराच वेळ गेला. आठ वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. तुझा भाईंदरच्या मिठागराचा पत्ता कमळाकर तांडेलाकडून मिळाला. त्याचा मिठाचा पडाव खाडीने तिकडे जातो. तू मुकादम झालास आणि तुझी बायको भामा तिथल्या मुलींना शिवण शिकवते, असे त्यानेच सांगितले.

दहावा दिवस ता. २ जूनला आहे. यावेसे वाटले तर ये.

एक गोष्ट लपवत नाही. तिने तुला कळवू नका असे सांगितले होते. मी तरीही कळवीत आहे.

काशिराम


पनवेल,
ता. ८ जून १९६२

चि. जगन यास आशीर्वाद.

दिवसकार्य पार पडले. तू आला नाहीस. कमळाकर पावसाळ्यापूर्वीची शेवटची खेप करून परवा बंदरावर आला, तो म्हणाला की पत्र पोचले आहे, पण तू ते वाचलेले नाहीस, भामाने वाचून ठेवून दिले. भामा वाचत असेल तर तिलाही आशीर्वाद.

शाळा सोमवारपासून. आज घर आवरायला काढले. मागच्या पडवीत तिची लाकडे आहेत. एकूण अकरा पोती भरली. ही कसली लाकडे ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण भामाला माहीत नसेल.

पन्नास साली शाळेत हस्तव्यवसाय सुरू करा असा हुकूम आला. सूत कातायच्या टकळ्या आल्या, कापसाचे पेळू आले नाहीत. मुलांना तासभर गुंतवायचे कशात, असा प्रश्न होता. तेव्हा सत्यवती उलव्याच्या माहेराहून परत येताना खाडीच्या चिखलातून वाहत आलेले एक लाकूड घेऊन आली. पाण्याने झिजून ते हाडासारखे झाले होते. म्हणाली, हे तासून काही करता आले तर पाहा. मी त्याला गिरमिटाने भोक पाडले आणि मेणबत्ती उभी केली. तिने बाजूला कुर्डूचे वाळलेले तुरे आणि थोडी लव्हाळी खोवली. बरे दिसले.

तिथून ते सुरू झाले. माहेराहून ती फणस, तांदूळ आणायची, तशी लाकडे आणू लागली. खारे लाकूड लगेच वापरता येत नाही. पंधरा दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी दोनदा बदलायचे, काथ्याने घासायचे, सावलीत वाळवायचे, मग करंजाच्या तेलाचा हात. मेणबत्त्याही आम्ही घरी ओतत असू. जळून उरलेले तुकडे डब्यात वितळवायचे आणि करवंटीत नाहीतर वेळूच्या नळीत ओतायचे. तिने मेणाचा कपटासुद्धा कधी टाकला नाही. डबा अजून कोनाड्यात आहे, पाऊण भरलेला.

आम्हाला मूल नव्हते. संध्याकाळी दोघे पडवीत बसून हे करीत असू. बोलणे फार होत नसे.

त्रेपन्नच्या नारळी पौर्णिमेला तू राखीसाठी आला होतास, ते आज आठवले. तुझ्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि तिच्यातून रक्त येत होते. सत्यवती म्हणाली, "राखी मनगटाला बांदू का आंगठ्याला? दोन गाठी नाय परवडत मना." तू हसलास आणि म्हणालास, लाकूड तासताना लागले. आणखी काही सांगितले नाहीस. नारळीभात तीनदा वाढून घेतलास.

तुला एक सांगायचे आहे. आज सांगत नाही.

काशिराम


पनवेल,
ता. १७ जून १९६२

चि. जगन यास आशीर्वाद.

पाऊस लागला आहे. काल शाळेत सत्तावीस मुले कमी होती. घरी आल्यावर भाकरी करायचा प्रयत्न केला. भात बरा.

चोपन्न सालची गोष्ट लिहायला बसलो आहे. तुला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण शाळेत मुलांना सांगतो तशी सुरुवातीपासून लिहितो, कारण मला स्वतःलाच ती एकदा नीट मांडायची आहे.

उलव्याच्या खारभूमीला बांध होता आणि बांधाला उघाडी. ओहोटीला दार उघडून शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, भरतीपूर्वी दाराच्या फळ्या खाचेत उतरवायच्या आणि मोठे उधाण असले की आतून बाभळीचा अडसर लावायचा. अडसर असला तर उधाणाचे पाणीही फळ्या हलवू शकत नाही. हे काम तुमच्या घराकडे होते. पन्नासपर्यंत मामंजी बघत होते, पुढे त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून तू.

त्या वर्षी दिव्याची अवस होती त्या दिवशी मोठे उधाण होते. भरती दुपारी. सत्यवती आठ दिवस माहेरी राहून आदल्या दिवशी पनवेलीस परतली होती. अवसेला सकाळी तिने घरातले सगळे दिवे चिंच आणि राखेने घासले, पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडायला ठेवले. चार वाजता उलव्याचा माणूस सांगत आला की बांधाला खांड पडली, तुमच्या बापाच्या शेतासकट चाळीस एकर खाऱ्या पाण्याखाली गेले. भाताच्या रोपांचे आवण नुकतेच लावलेले होते.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. देवळात बैठक बसली होती. मी खांबापाशी उभा होतो. तू म्हणालास, "अडसर जाग्यावर नव्हता. सगलीकडं शोदला. मंग मी फल्यांना पाठ लावून उबा व्हतो." रामू पाटील म्हणाले, "पाठ लावून उबा व्हता का पाठ टेकून निजला व्हता?" लोक हसले. कोणी म्हणाले की अडसर दारूवर गेला. कोणी म्हणाले की चुलीत गेला. तू एकेकाच्या तोंडाकडे बघत होतास. माझ्याकडेही बघितलेस.

तेव्हा तुझा सदरा मागून फाटलेला होता. तुझ्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या खाली आडवे काळे वळ होते, फळ्यांच्या सांध्यांइतक्या अंतराने. मी ते पाहिले. निजलेल्या माणसाच्या पाठीवर असे वळ उठत नाहीत. मी ते बोललो नाही. मी जावई होतो, परगावचा होतो, मला विचारले नव्हते. त्या वेळी मला ही कारणे पुरली.

मग सत्यवती बायकांतून उठली. ती काय बोलली ते तू ऐकलेस. तरी लिहितो. "माज्या बापासचा शेत यानी बुडवला. मना भाऊस नाय."

संध्याकाळी तू गाव सोडलेस.

आज इतकेच. अजून मुख्य राहिले आहे.

काशिराम


पनवेल,
ता. २४ जून १९६२

चि. जगन,

आज रविवार. दुपारी झोप लागली नाही. चंद्रावतीबाई विचारायला आल्या होत्या की पडवीतली लाकडे जळणाला देता का. मी नाही म्हणालो. त्यांना बरे वाटले नसावे.

आता लिहितो.

त्या वेळी माहेराहून येताना सत्यवतीने चार लाकडे आणली होती. तीन लहान होती, एक लांब, साडेतीन हात. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, तिवरांत, चिखलात रुतलेले तिला सापडले. होडीवाल्याने ते उचलून आत घातले आणि तिला म्हणाला, "वयनी, पुडच्या टायमाला सगला किनारा घेऊन जा." हे तिने मला हसत सांगितले. तिला ते लाकूड फार आवडले होते. राखाडी झालेले, कालवांची पांढरी पुटे चढलेली, एका टोकाला किड्यांनी कोरलेले. मी चारही लाकडे मागच्या टाकीत गोड्या पाण्यात टाकली. बांध फुटला त्याच्या आदला दिवस होता तो.

मग जे झाले ते झाले. लाकडांकडे कोणाचे लक्ष नव्हते. ती टाकीत दीड महिना राहिली. गणपती गेल्यावर मी ती काढली आणि लांब लाकूड काथ्याने घासायला घेतले. चिखल आणि कालवे निघाली. खाली बाभूळ होती. दोन्ही टोकांना फळ्यांच्या चौकटीत बसण्यासाठी केलेली चौकोनी कड होती, पाण्याने गोल झालेली. आणि एका टोकाजवळ खाचा होत्या, एका ओळीत, हाताने पाडलेल्या.

मामंजींनी मला एकदा सांगितले होते की दर नारळी पौर्णिमेला, वर्षाची मोठी उधाणे नीट निभली की, राखणारा अडसरावर एक खाच पाडतो. नवा अडसर त्यांनी पंचेचाळीसला केला. सत्यवतीचे लग्न त्याच्या चार वर्षे आधी झाले होते, त्यामुळे तिने तो जवळून कधी पाहिलेला नव्हता. बांधावर पडून पडून तो पावसाने घसरला असावा आणि वाहत्या लाकडांत जाऊन बसला. तिने वाहते लाकूड म्हणून उचलला.

ती स्वयंपाकघरात होती. मधली भिंत फक्त. मी हाक मारली असती तर ती हात पुसत आली असती.

मी उठलो, कोनाड्यातला मेणाचा डबा घेतला, शेगडीवर वितळवला, त्यात कोळशाची पूड आणि लाकडाचा भुसा मिसळला, आणि खाचा भरून टाकल्या. थंड झाल्यावर वरून तेलाचा हात दिला. बाभळीच्या रंगाशी रंग जुळला. मला रंग जुळवता येतो. मग करवत घेऊन त्या लाकडाचे तीन तुकडे केले.

तू खोटे बोलला नव्हतास, हे मला चोपन्नच्या भाद्रपदापासून माहीत आहे.

काशिराम


पनवेल,
ता. १० जुलै १९६२

चि. जगन,

मागचे पत्र टाकून सोळा दिवस झाले. उत्तराची अपेक्षा नाही. पण अर्धे सांगून थांबलो तर ते पुन्हा तसेच होईल.

मी का बोललो नाही, याचे मी स्वतःला दिलेले कारण असे, की सत्यवतीला ते सोसले नसते. भर देवळात तिने तुला तोडले होते. बांध आपल्या हाताने फुटला हे तिला कळले असते तर तिने जिवाचे काही बरेवाईट केले असते. हे कारण खरे आहे. पण एवढेच नाही. त्याच महिन्यात मला हेडमास्तर केले होते. चाळीस एकराचे नुकसान माझ्या घरातून झाले असे लोक म्हणाले असते. आणि अडसर तू बांधून ठेवायला हवा होतास, तो बांधला असतास तर घसरला नसता, असेही मी स्वतःला सांगत असे. यातले कोणते कारण किती, ते मला आज ठरवता येत नाही.

खाचा असलेला तुकडा सर्वांत उंच होता. त्याला खाली पाया आणि वर तीन मेणबत्त्यांची भोके केली. सत्यवतीने त्याला कुर्डू, लव्हाळी आणि गुंजांच्या शेंगा बांधल्या. आम्ही त्याला झाड म्हणत असू. जानेवारीत तालुक्याच्या हस्तव्यवसाय प्रदर्शनात ते ठेवले, त्याला पहिले बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्र बाहेरच्या खोलीत आहे. येणारे जाणारे वाचतात. ती दर दिव्याच्या अवसेला पितळी दिव्यांबरोबर झाडही पाटावर मांडायची आणि म्हणायची, हे माझ्या माहेरचे.

त्याच माघात मामंजी गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले हाव. जगन खरा बोलत व्हता का?" मी म्हणालो, आता पडा, बोलू नका. त्यांनी माझा हात सोडला.

सत्यवती आजारी असताना मला साडेतीन महिने मिळाले. रोज मी ठरवत असे. एके दिवशी मी म्हणालो, जगनला बोलावू का. ती म्हणाली, "नको. त्याला कलवू पन नका." मी विषय बदलला. ती तुझ्यावर रागावूनच गेली. हा राग तिचा नव्हता, तो मी तिच्याजवळ ठेवला होता. लिहून झाल्यावर हे वाक्य जरा पुस्तकी वाटते, पण दुसरे सुचत नाही.

रविवारी पावसाने उघडीप दिली. होडी मिळाली, उलव्याला गेलो. झाड सोबत नेले नाही. होडीत भिजेल असे मनाशी म्हणालो.

रामू पाटील ओटीवर होते. दिसत कमी आहे, आवाजावरून ओळखले. मी सगळे सांगितले. ते ऐकत होते, संपल्यावर म्हणाले, "आट वर्सा झाली, मास्तर. आता बांद सिमिटाचा हाय, दार लोखंडाचा हाय. आता कोनाचा काय नाय त्याच्यान."

तुमच्या शेजारच्या सोनाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "काय नाय कसा? पोराचा गाव गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी मास्तर. तुमी एक शबूद बोलला असता, त आमी ऐकला असता." हे त्या रागाने बोलल्या नाहीत. मला बसायला पाट दिला, चहा दिला.

संध्याकाळी देवळात वीसेक माणसे जमवली. वर्गात उभा राहतो तसा उभा राहून मी पुन्हा सगळे सांगितले. तिथे खांब तोच आहे. हसले कोणी नाही. पुष्कळ जण नव्या पिढीचे होते, त्यांना अडसर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. म्हातारे खाली बघत होते. शेवटी रामू पाटील म्हणाले, "जगनला लिवा, गाव बोलावतो." म्हणून लिहितो. गाव बोलावतो. जायचे की नाही ते तू ठरव. मी सांगितले म्हणून जाऊ नकोस.

काशिराम


पनवेल,
ता. २५ जुलै १९६२

चि. जगन आणि सौ. भामा यांस आशीर्वाद.

भामाचे कार्ड काल शाळेच्या पत्त्यावर आले. हस्ताक्षर स्वच्छ आहे. ते इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी ते नीट वाचले हे तुम्हाला कळेल.

"ती. भावोजींस सा. न. तुमची पत्रे पोचली. आधीची त्यांनी ऐकून घेतली नाहीत. शेवटची दोन मी हट्टाने वाचून दाखवली. दोन दिवस ते आगरावर गेले नाहीत, घरात बसून होते. काल जेवताना एवढेच म्हणाले, मास्तरांना विचार, खाचा किती होत्या. तेवढे कळवावे. भामा."

जगन, खाचा मी मोजल्या नाहीत.

हे कार्ड वाचले तेव्हा मी मधल्या सुट्टीत ऑफिसात बसलो होतो. मी बत्तीस वर्षे मुले मोजतो आहे, खडू मोजतो आहे, परीक्षेचे कागद दोनदा मोजतो. त्या दिवशी हाताखाली खाचा होत्या आणि त्या किती ते मी पाहिले नाही. लवकर बुजवायच्या एवढेच डोक्यात होते. गेल्या चार पत्रांत मी सगळे सांगितले असे मला वाटत होते. तू पहिलाच प्रश्न असा विचारलास की ज्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

तू हे का विचारतोस ते मला समजते असे वाटते. मी दुसरेच एखादे लाकूड पाहिले असेन, बायको गेल्यावर म्हाताऱ्याच्या डोक्याने काहीतरी घेतले असेल, अशी शंका तुला येणे योग्य आहे. आठ वर्षे तुझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. तू माझ्यावर का ठेवावास.

अंदाजाने आकडा लिहिणार नाही. पंचेचाळीसपासून हिशेब करून आकडा काढता येतो, पण तसा काढलेला आकडा तुला नको आहे.

झाड समोरच्या फळीवर आहे. लिहिताना दिसते. मेण काढून पाहायला अर्धा तास लागेल. आज काढत नाही. मंगळवारी दिव्याची अवस आहे. घरातले दिवे घासायला काढावे लागतीलच. तेव्हा काढीन.

काशिराम


पनवेल,
ता. ३१ जुलै १९६२

चि. जगन,

आज मंगळवार, दिव्याची अवस. शाळा सकाळची होती. साडेअकराला घरी आलो. दुपारची भरती होती, बंदरावरच्या पायऱ्यांपैकी वरच्या दोनच उघड्या दिसत होत्या. जेवण झाल्यावर मागच्या ओट्यावर बसलो.

आधी पितळेचे घेतले. दोन समया, एक लामणदिवा, एक निरांजन, तिच्या आईने दिलेली पंचारती. चिंच किती भिजवायची ते माहीत नव्हते, जास्त झाली. ती समईची मान सुंभाने घासायची, मला सुंभ सापडला नाही, काथ्या वापरला. कंदिलाच्या काचा पुसल्या. चंद्रावतीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, यंदा नाही केलेत तरी चालतं, वर्षाच्या आत आहे." मी म्हटले, घासून ठेवतो नुसते.

मग झाड घेतले.

कुर्डूचे तुरे तिने मागच्या वर्षी बांधलेले होते. हात लावताच त्यांचा भुगा झाला. बी ओट्यावर सांडले, बारीक, काळे, चकाकणारे. गुंजा सोडून वाटीत ठेवल्या. पाया चार खिळ्यांचा, तो काढला. भोकांतले पांढरे मेण आधी काढले. मग लाकूड उन्हाकडे, म्हणजे ढगांतून येत होते तेवढ्या उजेडाकडे, धरले. आठ वर्षांत मेण आक्रसले आहे. ओळ दिसत होती. बारकाईने पाहिली असती तर ती केव्हाही दिसली असती. ती दर वर्षी हे लाकूड पुसत होती. तिला दिसली का, हे मी आता कोणाला विचारू शकत नाही.

भाजी चिरायची सुरी बोथट होती. शाळेतला पेन्सिली करायचा चाकू आणला. एकेक खाच उकरत गेलो. खालून सुरुवात केली. मेण सालपटासारखे निघते, पण तळाशी चिकटलेले खिळ्याने कोरावे लागले. प्रत्येक खाच मोकळी झाली की बोट घालून पाहिले आणि मोठ्याने मोजली. ओट्यावर दुसरे कोणी नव्हते.

नऊ आहेत.

पहिल्या सहा एका हाताच्या आहेत. सरळ, दोन्ही कडा सारख्या तासलेल्या, मधले अंतर बोटभर. पुढच्या तीन दुसऱ्या हाताच्या. त्या जरा उथळ आहेत आणि उजवीकडे कललेल्या. त्यांतली शेवटची वाकडी आहे. ती अर्ध्यापर्यंत खोल जाते आणि मग पाते घसरल्यासारखी एक ओरखड्याची रेघ लाकडावरून कडेपर्यंत गेली आहे. त्या रेघेतही मी मेण भरले होते. त्रेपन्नच्या राखीला तुझ्या अंगठ्याला चिंधी होती, ती आठवली.

हे लाकूड मी तुझ्याकडे पाठवीत आहे. पार्सल उद्या टाकीन. गोणपाटात शिवले आहे, वरती पत्ता शाईने लिहिला आहे. बाकीच्या दोन तुकड्यांपैकी एक प्रदर्शनाच्या वेळी शाळाखात्याच्या पाहुण्यांनी नेला, एक इथे शाळेच्या कपाटात आहे, तो नंतर काढून पाठवीन. प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवले आहे.

नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली आहे. ये असे मी लिहीत नाही. घर उघडे असते.

पाटावर रांगोळी काढली नाही, मला येत नाही. पाच दिवे ओळीने ठेवले, पेटवले नाहीत. ओट्यावर उकरलेल्या मेणाची लहानशी ढिगली राहिली होती, कोळशाने काळी झालेली. सवयीने कोनाड्यातला डबा काढून आणला. झाकण उघडले, आत तिने साठवलेले मेण पांढरे आहे. हे त्यात मिसळले असते तर सगळेच काळे झाले असते. झाकण लावून डबा जागेवर ठेवला. काळे मेण आणि कुर्डूचे बी सुपलीत भरून मागच्या केराच्या खड्ड्यात टाकले. मग खराटा घेऊन ओटा झाडला, आणि दोन तांबे पाणी मारले.